फोनवरची शुश्रूषा

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत सौम्य लक्षणांच्या असंख्य रुग्णांवर घरीच उपचार झाले. मी परिचारिका, अशा रुग्णांची रोज फोनवरून चौकशी करण्याचे काम माझ्याकडे होते. चेहरा दिसत नाही, नाडी हाताला लागत नाही; मग प्रकृती कळणार कशी?

घरचे सांगत, "बरे आहेत." तरीही मी रुग्णालाच बोलायला लावीत असे. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, तर ती धोक्याची खूण. मात्र या आजारात रक्तातील प्राणवायू घटूनही काहींना धाप लागत नसे. म्हणून ऑक्सिमीटरवरचा आकडा विचारावा लागे. बोटे गार असली किंवा नखांना रंग असला, तर तो चुकू शकतो. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा ६ मिनिटे चालल्यावर ३ ने घसरला, की आम्ही डॉक्टरांना लगेच कळवीत असू.

वाचकहो, पुढेही कधी अशी चौकशी झाली, तर फोन रुग्णाच्याच हाती द्या. आकडा आहे तसाच सांगा. रुग्णालयाच्या भीतीने वाढवून सांगितलेल्या आकड्यापायी उपचाराचा मोलाचा वेळ जातो.