गुरू ग्रहावरचा झोका, पुण्याच्या बाल्कनीतून

कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची दांडी आहे. गेल्या वर्षी तिला एक मीटर दोरा बांधला, खाली बॅगेचं छोटं कुलूप लटकवलं, जरासं बाजूला नेऊन सोडलं आणि दहा हेलकावे मोजले. वीस सेकंद. मग नववीतल्या भाचीने ते काढून दाराचं भलंमोठं कुलूप बांधलं. पुन्हा वीस.

"मावशी, एवढं जड आहे, तरी लवकर कसं येत नाही गं?"

उत्तर सुंदर आहे. जड कुलपाला पृथ्वी जास्त जोराने ओढते खरी, पण त्याला हलवायलाही नेमका तेवढाच जास्त जोर लागतो. दोन्हीकडचा जडपणा एकमेकांना खाऊन टाकतो. उरतो फक्त दोरा आणि पृथ्वीची ओढ. दोरा कापता येतो. ओढ मात्र बाल्कनीत बसून कमी-जास्त करता येत नाही. पुण्यातच काय, पृथ्वीवर कुठेही गेलात तरी ती 9.8 च्या आसपासच.

तिथून आम्ही फोनकडे वळलो. 'फेट' नावाचा सिम्युलेशनचा संच अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये सुरू झाला. सुरू करणारे कार्ल वाइमन. त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं आणि त्या पैशातला काही भाग त्यांनी या कामात घातला. संच फुकट आहे आणि मराठीतूनही उघडतो. त्यातल्या लंबकाच्या प्रयोगात दोऱ्याची लांबी, गोळ्याचं वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षण यांच्या पट्ट्या बोटाने सरकवता येतात.

भाचीने पृथ्वीवरून चंद्र निवडला. एक मीटरच्या लंबकाचा दोलनकाल दोन सेकंदांवरून जवळजवळ पाच सेकंदांवर गेला. गोळा इतका सावकाश परतत होता की ती श्वास रोखून बघत राहिली. गुरू निवडल्यावर तोच गोळा सव्वा सेकंदात जाऊन परत. मग तिने गुरुत्वाकर्षण शून्यावर आणलं आणि गोळा बाजूला नेऊन सोडला. तो सोडला तिथेच राहिला. खाली यायचं कारणच संपलं होतं.

चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढी, मग वेळ सहापट का नाही, जेमतेम अडीचपट का? कारण सहाचं वर्गमूळ साधारण 2.45. वर्गमूळ पाठ्यपुस्तकात अनेकदा भेटलेलं असतं, पण ते असं डोळ्यांसमोर झुलताना तिने पहिल्यांदा पाहिलं. चंद्र, गुरू जिथून निवडले त्या यादीत 'एक्स' नावाचा एक ग्रहही आहे, त्याची ओढ किती ते लिहिलेलंच नाही. हेलकावे मोजायचे आणि आकडा आपण शोधायचा. अनोळखी ग्रहाची ओढ एका दोऱ्याने मोजायची, ही कल्पनाच मला फार आवडते.

पडद्यावरचा हा गोळा हलतो कसा? तिथे लंबक नाही, दोरा नाही, आधी चित्रित केलेली फिल्मही नाही. अशा सिम्युलेशनमध्ये वेळेचे बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात एवढंच विचारतात: गोळा आत्ता कुठे आहे, तिथे त्याला किती ओढ बसते, त्याने वेग किती बदलला? बदललेल्या वेगाने तो पुढच्या तुकड्यात थोडा सरकतो आणि पुन्हा तोच प्रश्न. न्यूटनचा नियम सेकंदात कितीतरी वेळा सोडवला जातो. दोन सेकंदांचा दोलनकाल त्यात कुणी लिहून ठेवलेला नसतो, तो त्या सरकण्यातून आपोआप बाहेर येतो.

म्हणूनच पुस्तकातल्या सूत्राची हद्दही इथे दिसते. झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो असं आपण शिकतो. पण गोळा 90 अंशांपर्यंत उचलून सोडा, दोन सेकंदांच्या जागी सुमारे 2.37 सेकंद लागतात. सूत्र खोटं नाही, ते लहान झोक्यांपुरतं आहे. सूत्राशेजारच्या त्या छोट्या अटीकडे शाळेत असताना मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

पडद्यावर शिकलेलं हातात उतरतं का, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडोतल्याच संशोधकांचा 2005 मधला एक अभ्यास विजेच्या मंडलांवर होता. एका गटाने खऱ्या तारा आणि दिवे हाताळले, दुसऱ्याने फक्त सिम्युलेशन. नंतर दोघांना खरी मंडलं जोडायला दिली, तेव्हा सिम्युलेशनवाला गट जोडण्यात आणि समजावून सांगण्यात पुढे निघाला. यात मला नवल वाटत नाही. खरी तार तिच्या आत काय चाललंय ते दाखवत नाही. पडद्यावर बटण दाबताच सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन एकदम हलायला लागतात, आणि वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत चालत जाते ही समजूत तिथेच गळून पडते. आपल्याकडेही हे काम होतंय. शाळांसाठी सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठाच्या 'ओलॅब्ज' आहेत, अभियांत्रिकीच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज'मध्ये शिवाजीनगरचं सीओईपी आहे.

तरी आधी कुलूप, मग फोन, हा क्रम मी सोडणार नाही. आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंमधून खेळणी करून दाखवली, आणि हातात धरलेल्या वस्तूपासून सुरुवात करण्याचं महत्त्व त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी मुलांना कळलं. दुसरं कारण आम्हाला आयुकातच मिळालं.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही तिथला फुकोचा लंबक बघायला गेलो. 1851 मध्ये लिआँ फुकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगला होता. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत गेली. खरं तर वळत होती खालची जमीन. ध्रुवावर ही दिशा एका दिवसात पूर्ण फिरते, पॅरिसला सुमारे 32 तास लागतात, पुण्यात 75 तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडे जास्तच. विषुववृत्तावर ती वळतच नाही.

"मग फोनमधला का वळत नाही?"

कारण त्यात पृथ्वीचं फिरणं कुणी घातलेलं नाही. आयुकातल्या लंबकात ते कुणाला घालावं लागलं नाही.

घरी येऊन तिने जिओजेब्रा उघडलं. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं हे गणिताचं मोफत सॉफ्टवेअर. तिने झोक्याची एक रेघ काढली आणि तिला तासाला 15 अंश गुणिले अक्षांशाचं साइन, इतकं वळायला सांगितलं. अक्षांशाची पट्टी केली −90 ते 90, दक्षिणेचेही अक्षांश असतात म्हणून, एवढंच. 18.5 वर रेघ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तासाला पावणेपाच अंशांनी सरकायला लागली. पट्टी शून्यावर आणली तशी ती थांबली.

तिने बोट आणखी डावीकडे नेलं. रेघ उलटी फिरायला लागली.

"मावशी, हे मी नाही घातलेलं!"

दक्षिण गोलार्धातला लंबक खरोखरच उलट्या दिशेने वळतो.