शहरात खोली घेता? गाडीची जागाही कागदावर घ्या

मैत्रिणींनो, जून लागला की आपल्या गटाच्या बैठकीत बियाण्याच्या कर्जासोबत आणखी एक मागणी येते, "पोरीसाठी अमरावतीला खोली पाहिली, डिपॉझिट भरायचं आहे." हे डिपॉझिट म्हणजे आपलीच बचत. १२,००० रुपये महिना दोन टक्क्यांनी उचलले तर दर महिन्याला २४० रुपये व्याज. पैसा घरमालकाकडे पडून राहतो अन् व्याज आपण भरतो. म्हणून तो परत येईल याची तजवीज देण्याआधीच पाहिजे.

माझंच सांगते. दोन वर्षांमागं लेकीसाठी खोली घेतली. "स्कुटी खाली लावा, काही अडचण नाही," असं मालक तोंडी बोलले. पुढे त्यांनी कार घेतली अन् लेकीची स्कुटी गेटबाहेर गेली. एका रात्री कोणीतरी पेट्रोल काढून नेलं. बोलायला गेले तर म्हणे, "लिहून कुठं दिलं होतं?" खोली सोडताना रंगाच्या नावानं ४,००० रुपये कापले. ते मी सोयाबीनच्या पैशातून गटाला फेडले.

आता कायद्याचं पाहा. "११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," असं दलालही सांगतात. आपल्या राज्यात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी अन् नोंदणीकृतच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी गप बसले नसते.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते, किंवा आधार अन् अंगठा लावून ऑनलाइन. खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. महिना ४,००० प्रमाणे ११ महिन्यांचे ४४,००० झाले, त्यावर ११० रुपये. डिपॉझिटच्या व्याजापोटी थोडे आणखी. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. ऑनलाइन करून देणारा त्याची मजुरी वेगळी घेतो, ती आधी विचारून घ्या. खर्च दोघांनी निम्मा वाटून घ्यायचं बोलून पाहा.

करारात डिपॉझिटचा आकडा, ते किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार की नाही, लाईटचं युनिट कोणत्या दरानं, हे सगळं येऊ द्या. गाडीसाठी "पार्किंग मिळेल" एवढं पुरत नाही. "एक दुचाकी, जिन्याखालची जागा" असं लिहून घ्या. यंदाच्या खोलीला मी हेच केलं. मालक हसले, पण लिहिलं. गेट रात्री किती वाजता बंद होतं तेही विचारा. पापड-मसाल्याच्या विक्रीसाठी खोली घेत असाल तर माल आणणारा ऑटो आत येऊ देतील का, हे आधीच बोला.

खोली पाहायला सकाळी जाऊ नका, भर दुपारी जा. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली आपल्या उन्हाळ्यात भट्टी होते, अन् कुलरचे पैसे काही मालक वेगळे घेतात. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं, पण नळ रोज येईल असं धरू नका. किती दिवसांआड येतो ते शेजारणीला विचारा, टाकी डोळ्यांनी पाहा. बोअर असेल तर पाणी चाखून पाहजा, खारपाणपट्टा आपल्याला काही नवा नाही.

मालक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देतो, त्यासाठी आधारची झेरॉक्स मागेल. तिच्यावर "फक्त भाड्यासाठी" असं लिहून तारीख टाका. भाडं फोनवरून पाठवा, रोख दिलं तर पावती घ्या. पहिल्याच दिवशी भिंती, नळ अन् मीटरचे फोटो काढून ठेवा. सोडताना पुन्हा तेच फोटो काढा, अन् डिपॉझिट अन् चावी एकाच बैठकीत द्या-घ्या.