ओल्या-सुक्या सालांची माणसं – भाग ९ : कापूस विकायचा दिवस

गेल्या खेपेला तुम्हाला रोजगार हमीच्या मस्टरपाशी आणून सोडलं होतं. मस्टर आज राहू द्या. दर्यापूर तालुक्यातून एक पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

पत्र खारपाणपट्ट्यातल्या एका कास्तकाराचं, वय ४८. विहिरीला खारं पाणी, ओलिताचा प्रश्नच नाही. सारी भिस्त पावसावर अन् पऱ्हाटीवर. घरात तीन पिढ्या, आणि कापूस विकायची वेळ आली की तिघांची तोंडं तीन दिशांना. ते लिहितात : "बाबा म्हणतात, नंबर लाव, काटा कर, पावती घे अन् मोकळा हो. मी म्हणतो, रोख देईन त्याले द्या, दोनशे कमी भेटले तरी चालते. पोरगं म्हणते, थांबा. एकदा थांबून हात पोळले, तरी थांबाच म्हणते. आता यात शहाणा कोण?"

शहाणा कोण ते मला सांगता यायचं नाही. कोण कोणत्या सालातून बोलतोय, एवढं मात्र सांगता येतं.

१९७२ च्या हंगामात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा यांचे वडील बाविशीच्या आसपास असणार. त्याआधीची तऱ्हा त्यांनी पोरवयात पाहिलेली : सुगीला भाव पाडायचा व्यापाऱ्यानं आणि त्यातूनच मागची उधारी कापून घ्यायची. नव्या कायद्यानं खाजगी विक्रीच बंद झाली. घ्यायचा तो पणन महासंघानं, आणि दर आधीच जाहीर. मग कापूस घरात दाबून ठेवण्यात हशील काय? झगडा उरला तो नंबराचा आणि प्रतीचा. केंद्रापासून सडकेवर दूरवर बंड्या लागलेल्या, बैलांपुढे घरून आणलेला कडबा, बंडीखाली घोंगडी टाकून राखणीला झोपलेलं घरातलं थोरलं पोरगं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ग्रेडर यायचा, मूठभर कापूस उचलून चिमटीत धागा ओढायचा; सालभराच्या मेहनतीची प्रत तेवढ्या चिमटीत ठरायची. पावती हातात पडली की माणूस सुटला. बाबा अजून त्याच पावतीच्या शोधात आहेत.

पत्रलेखक त्याच रांगेत वाढले, पण रांगेच्या उतरत्या काळात. योजना तोट्यात गेली, चुकारे रखडू लागले. पावती पेटीत अन् सोयरे दारात, अशी लग्नं या भागात किती पुढे ढकलली गेली! २००२ नंतर खाजगी व्यापार खुला झाला, पण भावानं साथ दिली नाही. पुढे आत्महत्यांच्या बातम्या आणि २००६ चं पंतप्रधानांचं पॅकेज – अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा असे सहा जिल्हे. हे सारं यांच्या पंचविशी-तिशीत. अशा माणसाला दोनशे रुपये कमी, पण आज, हा सौदा पटणारच.

आणि पोरगा? २०२१-२२ ला लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ होता आणि बाजार दहा हजारांच्या वर गेला. मोबाइलवर रोज अकोटचे भाव पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला याहून मोठा धडा कुठला? पुढल्या हंगामात वऱ्हाडात घरोघरी कापूस थांबला. भाव आला नाही, उन्हाळा आला. ओसरीत आढ्यापर्यंत गंजी, खाटा अंगणात, आणि लेकरांच्या मांड्यांवर खाजवून उठलेले लाल चट्टे. गंमत अशी की अशाच गंजीत उड्या मारल्याच्या गोष्टी आजोबा मिटक्या मारत सांगतात. त्यांच्या लहानपणी थंडीत कापसातली ऊब होती. या लेकरांच्या वाट्याला मे महिन्यातली खाज आली.

माणूस आपण भोगलेल्या सालातून बोलतो, हेच उलरिके माल्मेंडिअर आणि स्टीफन नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांबद्दल मांडलं. ज्यांनी शेअर बाजाराची पडती वर्षं भोगली ते पुढेही जोखमीला बिचकतात. अलीकडचा अनुभव जास्त जड असतो, पण जुना पुसला जात नाही. आणि तरुणावर ताज्या सालाचा पगडा जास्त, कारण त्याच्या गाठीला सालंच थोडी. पत्रलेखकाच्या मुलाच्या गाठीला दोनच : एक चढतं, एक पडतं. तो चढतं धरून बसलाय. आणखी चार हंगाम जाऊ द्या.

मला मात्र समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांचं १९७४ चं पुस्तक जास्त जवळचं वाटतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या अमेरिकन मुलांचा त्यांनी माग काढला. मंदी आली तेव्हा जी मुलं दहाच्या आसपासची होती, त्यांनी बाहेर कामं केली, घराला हातभार लावला, आणि पुढे ती बऱ्यापैकी उभी राहिली. नंतर तुलनेला घेतलेले, तेव्हा अगदी लहान असलेले मुलगे जास्त हलले. आपल्याकडे बंडीखाली झोपलेला थोरला भाऊ रांगेच्या गोष्टी हसत सांगतो. तेव्हा पाच वर्षांचा असलेला धाकटा इतकंच सांगतो की घरात कोणी बोलत नव्हतं. थोरल्याच्या हाताला काम तरी होतं. पण यावरून लगेच कष्टांचे पोवाडे गाऊ नयेत. त्या थोरल्याची शाळा बंडीखालीच सुटली, हे एल्डरच्या नाही, आपल्या हिशेबात धरायला हवं.

आता एक तक्रार. पत्रात आजोबा आहेत, बाप आहे, पोरगा आहे. वेचणीला बाया जमवणारी, त्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करणारी आणि त्या गंजीशेजारी अंथरूण घालणारी कुठे आहे? कापूस कधी विकायचा याबद्दल तिचंही काही म्हणणं असेलच. दर्यापूरकरांनी घरात विचारून कळवावं, मी ते छापीन. मस्टर पुढल्या आठवड्यात.