सूर जुळतात, वेळा जुळत नाहीत

आपल्याकडे बँड म्हटले की आधी डोळ्यांपुढे येतो तो वरातीचा बँड. त्याला एक मालक असतो. एखादा वादक आला नाही, तर मालक दुसरा आणतो आणि वरात पुढे निघते. रॉक बँडला असा मालक नसतो. चार-पाच मित्र एकत्र येतात. सगळेच मालक आणि सगळेच हमाल. त्यातली गंमत इथेच आहे आणि अडचणही इथेच.

पहिली अडचण जागेची. कॉलेजच्या दिवसांत मी ठाण्यात अशा एका बँडमध्ये बेस गिटार वाजवीत असे. गिटारवाला घरी दार लावून सराव करू शकतो, ड्रमवाल्याने काय करायचे? पहिल्या ठोक्याला सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे! आम्हाला एका मित्राच्या काकांनी त्यांच्या कारखान्याची शेड दिली, पण फक्त रविवारी, यंत्रे बंद असताना. कार्यक्रमाच्या जागांचेही तेच. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचे. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तिथला रॉकचा आवाज थांबला.

दुसरी अडचण माणसांची. साधे गणित करून पाहा. चौघांत सहा जोड्या होतात, पाचांत दहा. म्हणजे एक माणूस वाढला की चार नवी नाती वाढतात, आणि त्यातले एक जरी बिघडले तरी तालमीत सर्वांना जाणवते. शिवाय एकाची परीक्षा, दुसऱ्याची नोकरी, तिसऱ्याचे लग्न. आमच्यात कधी भांडण झाले नाही. ड्रमवाल्याला बंगळूरला नोकरी लागली, आम्ही त्याला स्टेशनवर पोहोचवले आणि बँड संपला. पुष्कळसे बँड असेच संपतात, कुणाचाही दोष नसताना.

तिसरी अडचण पैशाची आणि श्रेयाची. गाणे कुणाचे? शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याचे, की ज्याच्या ठेक्याने ते उभे राहिले त्याचे? डब्लिनच्या 'यू टू' या बँडने हा प्रश्न शहाणपणाने सोडवला. १९७६ मध्ये लॅरी मलन या चौदा वर्षांच्या मुलाने शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावली आणि पहिली तालीम त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात झाली. पुढे संगीताचे श्रेय त्यांनी एकेकट्याच्या नावावर न घेता बँडच्या नावावर घेतले. तेच चौघे कित्येक दशके एकत्र राहिले, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

भागीदारीचा हा तिढा मराठी माणसाला नवा नाही. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ मध्ये भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे बाहेर पडले, नंतर बोडसही.

मुंबईचा 'रॉक मशीन' १९८४ मध्ये उभा राहिला. उदय बेनेगल, महेश टिनाईकर ही त्यातली नावे अनेकांना आठवत असतील. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ मध्ये बँड थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. ड्रम आणि बेसवर आता नवे वादक होते. २०१२ मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला.

याहून कठीण प्रसंग दिल्लीच्या 'इंडियन ओशन'वर आला. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड सुरू केला. नर्मदा आंदोलनात काम केलेले राहुल राम नंतर आले, त्यामागून अमित किलम. करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात त्यांची तालीम चाले. २०१० च्या अल्बमला त्यांनी त्या घराचाच पत्ता नाव म्हणून दिला. पण तोवर असीम राहिले नव्हते. २००९ च्या डिसेंबरात ते गेले. गाणारा गळा आणि तबल्यावरचा हात एकाच दिवशी गेला. २०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडले. दोन्ही संस्थापक नाहीत, तरी बँड चालू राहिला, कारण उरलेल्यांनी गेलेल्याची नक्कल शोधली नाही. नव्या माणसाला त्याच्या पद्धतीने वाजवू दिले.

म्हणून नव्या मुलांना मी एवढेच सांगतो : पहिले गाणे बसवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. तालमीचा वार कोणता, खर्चाची वही कुणाकडे आणि एखादा निघून गेला तर गाणी कुणाची. मैत्रीत असले लिहिणे कोरडे वाटते खरे, पण मैत्री टिकते ती यामुळेच. आणि पालकांना विनंती : तुमच्याकडे रिकामी खोली, गॅरेज, शेड असेल, तर आठवड्यातून दोन तास द्या. आवाज होईल. पण एकमेकांचे ऐकून आपला आवाज कमी-जास्त करायचा, हे त्या वयाच्या मुलांना कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिथे लवकर कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)