‘इस्लाममध्ये वर्णभेद नाही’ हे खरं, पण आपल्यात?

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या काही मुस्लिम तरुणांनी ट्विटरवर एक चर्चा सुरू केली. विषय साधा होता : काळं असणं आणि मुसलमान असणं, दोन्ही एकाच वेळी कसं असतं? ‘मुस्लिम अँटी-रेसिझम कोलॅबोरेटिव्ह’ या त्याच वर्षी सुरू झालेल्या गटाने ती पुढे आणली होती. अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात.

तक्रारी पोलिसांबद्दल, गोऱ्या लोकांबद्दल असतील असं कुणालाही वाटेल. पण त्यातल्या कितीतरी तक्रारी मशिदीच्या आतल्या होत्या. ज्याचे आजोबासुद्धा मुसलमान होते त्याला विचारतात, “तुम्ही इस्लाम कधी कबूल केला?” जमातीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, पण निकाहचा पैगाम आला की घरातले गप्प होतात. आणि काही अरब भाईंच्या तोंडी सहज येणारा एक शब्द : ‘अबीद’.

या शब्दापाशी जरा थांबू या. तो समजला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

एकच शब्द, दोन अर्थ

‘अब्द’ म्हणजे बंदा, दास. अब्दुल्ला, अब्दुल रहमान, अब्दुल करीम ही नावं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. अल्लाहचा बंदा असणं यापेक्षा मोठा मान नाही. ‘अबीद’ हे त्याच शब्दाचं अनेकवचन. कुरआनात तुझा रब बंद्यांवर जुलूम करणारा नाही असं सांगितलंय, तिथे बंद्यांसाठी हाच शब्द आलाय.

पण बाजारात त्याचा अर्थ बदलला. गुलामांच्या व्यापाराच्या काळात काळ्या माणसाला ‘अब्द’ म्हणायची सवय लागली. व्यापार संपला, सवय राहिली. अमेरिकेतल्या शहरांत अरब दुकानदार आणि काळे गिऱ्हाईक समोरासमोर आले, तेव्हा ती सवयही सोबत आली. मिशिगनमधले इमाम दाऊद वलीद यांनी २०१३ साली या शब्दाविरुद्ध जाहीरपणे लिहिलं, तो वापरणाऱ्यांना टोकलं. पुढच्या वर्षी हा शब्द सोडा म्हणून मोहीमही निघाली. तेव्हा बचाव काय होता? “आम्ही वाईट अर्थाने म्हणत नाही. आमच्या भाषेत असंच म्हणतात.”

हा बचाव आपल्याही ओळखीचा आहे. शाळेच्या आवारात ‘कल्लू’ अशी हाक रोज ऐकू येते. हाक मारणाऱ्याला ती मस्करी वाटते. ज्याला मारली तोही हसतो. पण गॅदरिंगच्या नाचात तोच मुलगा आपणहून मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. शब्द कोणत्या अर्थाने टाकला हे बोलणारा सांगू शकतो. तो कुठे लागला हे मात्र ज्याला लागला त्यालाच विचारावं लागतं.

पाहुणे कोण, घरचे कोण?

‘प्यू’ या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या प्रौढ मुसलमानांत दर पाचांमागे साधारण एक जण कृष्णवर्णीय आहे. आणि हे लोक तिथे आपल्या खूप आधीपासून आहेत. आफ्रिकेतून साखळदंडात बांधून नेलेल्या लोकांमध्ये मुसलमान होते. आजच्या सेनेगलमधले उमर इब्न सईद हे त्यांपैकी एक. शिकलेले आलिम. १८३१ मध्ये गुलामीत असतानाच त्यांनी अरबीत आपली जीवनकथा लिहिली. ती आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलीय. १८६४ मध्ये ते वारले, तेही गुलाम म्हणूनच.

हिंदुस्थान-पाकिस्तानातले डॉक्टर, इंजिनियर तिथे मोठ्या संख्येने गेले ते १९६५ च्या कायद्यानंतर. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि त्यासाठी रस्त्यावर मार खाल्ला होता काळ्या लोकांनी. म्हणजे ज्या घराचं दार त्यांनी रक्त सांडून उघडलं, त्या घरात आपण गेलो आणि त्यांनाच विचारू लागलो की तुम्ही कधी आलात!

चळवळीतही हेच घडलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी केली. त्यांपैकी सोमालिया, सुदान आणि लिबिया हे तीन देश आफ्रिकेतले. तरी ‘मुसलमानांचा प्रश्न’ म्हटलं की समोर यायचा तो अरब किंवा आपल्यासारखा देसी चेहरा. काळ्या तरुणाला पोलिसांनी मारलं तर तो ‘त्यांचा’ प्रश्न, विमानतळावर आपली झडती झाली तर तो ‘उम्मतचा’ प्रश्न, अशी कृष्णवर्णीय मुसलमानांची तक्रार होती.

२५ मे २०२० ला मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या गुडघ्याखाली मेले. वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून ज्या दुकानातून पोलिसांना फोन गेला, ते दुकान पॅलेस्टिनी वंशाच्या कुटुंबाचं होतं. खून पोलिसाने केला, दुकानाने नाही. पण त्यानंतर बऱ्याच मुस्लिम घरांत पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला गेला, की ज्या वस्तीत आपण धंदा करतो तिथल्या माणसांना आपण काय समजतो?

खरं वाक्य, चुकीची वेळ

अशी तक्रार आली की आपल्याकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “इस्लाममध्ये वर्णभेद नाहीच.” वाक्य शंभर टक्के खरं आहे. हजच्या शेवटच्या खुतब्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं, की अरबाला गैरअरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर तकव्याशिवाय कोणतंही श्रेष्ठत्व नाही. हे आपल्या पोरांनाही पाठ आहे.

पण तक्रार दीनबद्दल नव्हतीच, आपल्याबद्दल होती. मी म्हणतो तुमच्या गल्लीत पाणी येत नाही, आणि तुम्ही मला नगरपालिकेचा नियम वाचून दाखवता. नियम उत्तम आहे, पण माझी घागर रिकामीच. हे वाक्य तक्रारीच्या तोंडावर ठेवलं की सांगणारा गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं प्रश्न मिटला.

दुसरं वाक्य : “आधीच कौमवर इतकं संकट आहे, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? दुश्मनाच्या हातात आयतं कोलीत मिळेल.” ही भीती खोटी नाही. नावावरून घर नाकारलं जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटणारच. पण इथे मूठ कोण झाकतंय आणि आत कोणाची बोटं चिरडतायत, हे बघायला नको? एकीची किंमत दरवेळी कमजोरानेच का द्यायची? घरात ज्याचं ऐकलं जात नाही, तोच शेवटी बाहेर जाऊन बोलतो.

हजरत अबूजर (रजि.) काय करतात?

सहीह बुखारीत एक रिवायत आहे. हजरत अबूजर गिफारी (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. रिवायतीत त्या माणसाचं नाव नाही, ते हजरत बिलाल (रजि.) होते असं अनेक भाष्यकार म्हणतात. प्रेषितांनी (स.) अबूजरना सुनावलं, की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे.

अबूजर सुरुवातीच्या मुसलमानांपैकी. तरी त्यांनी ‘माझा हेतू तसा नव्हता’ म्हटलं नाही. पुढे लोकांनी पाहिलं, की अबूजर जसा पोशाख घालतात तसाच त्यांच्या सेवकाच्याही अंगावर आहे. कारण विचारलं तेव्हा त्यांनीच ही सगळी हकीकत सांगितली. म्हणजे आपल्याला लागलेला ठपका आज आपल्याला माहीत आहे, तो त्यांनी स्वतः सांगितला म्हणून. ऐकणं, मान्य करणं आणि मग वागणं बदलणं, तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

आपण काय करू शकतो?

हा विषय फक्त अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांचा नाही. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी मुलांना खोली शोधताना काय ऐकावं लागतं, ते त्यांना विचारून बघा. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण घरात स्थळ बघताना पहिला प्रश्न “मुलगी गोरी आहे का?” हाच, आणि दुसरा “बिरादरी कोणती?” बिरादरीचा भेद हा वर्णभेदापेक्षा वेगळा प्रश्न आहे, पण तक्रार दाबायची आपली पद्धत दोन्हीकडे तीच आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी :

• कुणी आपला अनुभव सांगत असेल तर आधी पूर्ण ऐकून घ्या. “सगळे तसे नसतात” हे त्यालाही माहीत आहे.

• पुरावा मागण्याआधी विचारा, “मग तू काय केलंस? आता काय व्हायला हवं?”

• जिथे बोललं गेलं तिथेच टोका. फॅमिली ग्रुपवर काळ्या माणसाची टिंगल करणारा व्हिडिओ आला, तर ग्रुपवरच लिहा. अदब सोडायची गरज नाही. “मामू, हे नको. आपल्या बिलाल हजरतांचा रंगही हाच होता,” एवढं पुरतं.

• ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दरवेळी समजावायला लावू नका. ते काम बाकीच्यांचं. मात्र त्याच्या वतीने माइक घेऊन तुम्हीच बोलत बसू नका.

• तुम्हाला कुणी टोकलं, तर माफी छोटी ठेवा. लांबलचक खुलाशात शेवटी आपलंच दुःख मोठं होतं.

• मशिदीच्या, शाळेच्या, जमातीच्या कमिटीत कोण बसतं ते बघा. खुतबा आठवड्यातून एकदा होतो, कमिटी वर्षभर चालते.

आपल्यावर अन्याय झाला की आपण म्हणतो, आमचं कुणी ऐकत नाही. ती तक्रार रास्त आहे. फक्त ती करताना आपल्याच सफमध्ये शेजारी उभा असलेला भाऊ काय सांगतोय, तेही कानावर घ्यायला हवं.