लहान वयातले घाव आणि मेंदूची घडण

‘लहान आहे, त्याला काय कळतंय?’ हे वाक्य पेणच्या एसटी स्टँडवरही कानावर येतं आणि रोह्याच्या घराघरांतही. आज हेच वाक्य जरा तपासून बघू.

मूल घाबरलं की त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. कुणी जवळ घेतलं की ते उतरतं. हा चढउतार निरोगीच आहे. पण रोज मारहाण, भूक, दुर्लक्ष, आणि जवळ घेणारं कुणीच नाही, असं झालं तर ही यंत्रणा बिघडते. धोका ओळखणारा अमिग्डला अतिसावध राहतो. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग यांच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणजे प्रसंग आठवला नाही तरी शरीर तो विसरत नाही.

1998 साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा यांनी हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बालपणी असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात झाले होते, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी जास्त आढळले.

आता आपल्याकडे बघा. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाची अंगणवाडी सुटते, पोषण आहार सुटतो. दिवसभर विटा थापणाऱ्या आईला बाळाजवळ बसायला सवड कुठली? इथे दोष आईच्या मायेत नाही, तिच्या डोक्यावरच्या उचलीत आहे.

मग या मुलांचं सगळं ठरूनच गेलं का? नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून सांगतो, शक्यता वाढणं वेगळं आणि अटळ असणं वेगळं. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयातली काही मुलं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. ती अनाथालयातच राहिलेल्या मुलांपेक्षा सावरली. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली तर अधिक. त्यानंतरही सुधारणा होते, पण कष्ट जास्त पडतात.

म्हणून वेळ महत्त्वाची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखलं होतं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. ते गुरांमागे जातं, तर कुरणशाळा भरवायची. पुढे ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालल्या. आपल्याही तालुक्यांतून मूल भट्टीवर जात असेल, तर अंगणवाडीनं त्याच्या मागे जायला हवं, आणि तेही पहिल्या दोन-तीन वर्षांतच.