भेटीस जाण्यापूर्वी

कोणी आजारी असल्याचे कळले की त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणे, हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वसलेल्या विश्रामबागसारख्या भागात, जेथे शिक्षक, प्राध्यापक व निवृत्त कर्मचारी वर्षानुवर्षे शेजारधर्म पाळत आले आहेत, तेथे तर तो कर्तव्यच समजला जातो. त्यामागील माणुसकीविषयी वाद नाही. परंतु एका आजारात हीच विचारपूस रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, याची जाणीव आपल्याला अद्याप पुरेशी झालेली नाही.

हा आजार म्हणजे रक्ताचा संथ गतीने वाढणारा कर्करोग, अर्थात क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. तो बहुधा उतारवयात होतो. अनेकांना निदानानंतर लगेच उपचार लागत नाहीत; ठरावीक काळाने तपासणी करून डॉक्टर लक्ष ठेवतात. रुग्ण हिंडतो-फिरतो, बँकेत जातो, नातवंडांना शाळेत पोहोचवतो. त्यामुळे त्याला काही झाले आहे, हे लोकांना पटतच नाही. परंतु त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी संख्येने वाढलेल्या असल्या तरी कामास निरुपयोगी असतात आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडे कमी पडतात. आपल्याला चार दिवस शिंका आणणारे सर्दी-पडसे त्याच्या बाबतीत न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते.

लसीनेही हे संरक्षण पूर्ण होत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या ८४व्या वर्षी कोविडच्या गुंतागुंतीने निवर्तले. त्यांनी लस घेतली होती. परंतु त्यांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग होता. तो आजार वेगळा असला तरी धडा एकच आहे: दुबळी प्रतिकारशक्ती लसीलाही अपुरा प्रतिसाद देते. म्हणून लस घेऊ नये असे नव्हे. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीच. जिवंत जंतूंची लस मात्र टाळावी. घरातील इतरांनीही इन्फ्लुएंझाची लस घेतल्यास रुग्णाभोवती एक कुंपण उभे राहते.

रुग्णाने पाळावयाची पथ्ये अवघड नाहीत. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर तापाची गोळी घेऊन तो दाबत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. नागीण उठल्यास मंत्र-लेपांत वेळ न दवडता बहात्तर तासांच्या आत औषध सुरू व्हावे. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर ओसरल्यावर चिखल उपसणे आणि बुरशी धरलेल्या भिंती खरवडणे ही कामे अशा रुग्णाने करू नयेत, आणि पाणी उकळूनच प्यावे.

परंतु सारा भार रुग्णावरच टाकणे न्याय्य नाही. खोकत वर्गावर येणाऱ्या शिक्षकाला आपण कर्तव्यदक्ष म्हणतो आणि तापात रजा मागणाऱ्या कारकुनाला कामचुकार ठरवतो. ही मोजमापे बदलली पाहिजेत. त्याच वर्गात वा त्याच कचेरीत असा एखादा रुग्ण असू शकतो. त्याच वेळी त्याला वाळीतही टाकू नये. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. धोका त्याच्यापासून आपल्याला नव्हे, आपल्यापासून त्याला आहे. प्रकृती ठीक असेल तेव्हा अवश्य जावे, हात धुऊन, मोकळ्या हवेत बसून गप्पा माराव्यात.

मुखपट्टीचा उपयोग २०२० साली सर्वांनी शिकला. दुर्दैवाने तितक्याच लवकर विसरलाही. सर्दी झाली असता दारापर्यंत जाऊन परतणारा, किंवा दूरध्वनीवरूनच ख्यालीखुशाली विचारणारा शेजारी तुटक नव्हे. रुग्णाच्या आयुष्याची त्याला अधिक काळजी आहे, असेच समजले पाहिजे.